पट्टीवरची दुसरी रेघ

आभाळ भरून यायचे हे दिवस नव्हते. एरवी या महिन्यात ऊन असं तापायचं की सकाळी थापलेली वीट संध्याकाळी कडेवर उभी करता यायची. यंदा आठवडा होत आला तरी ढग हटायला तयार नव्हते. घरामागच्या मोकळ्या जागेत कच्च्या विटा ओळीने पडून होत्या. बोलका रोज उठल्या उठल्या त्यांच्यामधून फिरायचा, एखाददुसऱ्या विटेवर अंगठा दाबायचा. अंगठा उमटायचा.

"वाळल्या का रे?" त्याची आई दारात बसून विचारायची.

तो मान हलवायचा. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते फक्त तिलाच कळायचं.

बोलका हे नाव गावाने त्याला चेष्टेने ठेवलं होतं. विटा विकायला उभा राहिला की गिऱ्हाईकच भाव सांगायचं, गिऱ्हाईकच घासाघीस करायचं आणि गिऱ्हाईकच शेवटी 'बरं, राहू दे' म्हणायचं. हा मातीचे हात झटकत ऐकत राहायचा. चाळिशीला आला तरी लग्न झालं नव्हतं, आणि आता होणार नाही असं सगळे धरून चालले होते, तेव्हा गेल्या वर्षी बारकी या घरात आली.

बारकी म्हणजे अंगाने बारीक म्हणून नव्हे, माहेरी सगळ्यांत धाकटी म्हणून. तिचं हे दुसरं लग्न. पहिल्या घरी मूल पोटातच गेलं आणि नवऱ्याने सोडलं, एवढं तिच्या भावाने इथे सांगितलं होतं. कुणी जास्त विचारलं नाही. बोलका तर विचारणाऱ्यातला नव्हताच.

दोघांचं काम मात्र लगेच जमलं. तो साच्यापाशी उकिडवा बसायचा, ती मळलेल्या मातीचा गारा आणून त्याच्या उजव्या हाताशी टाकायची. तो गोळा वाळूत लोळवायचा, साच्यात आदळायचा, वरची माती हाताने सपाट करून साचा उचलायचा. तिला कधी 'आण' म्हणावं लागलं नाही. गोळा संपायच्या आत दुसरा हजर असायचा. दिवस राहिल्यापासून सासूने तिचं घमेलं काढून घेतलं होतं. आता ती विटा उलटायची, कडेवर उभ्या करायची आणि वारा सुटला की त्यांच्यावर ताडपत्री ओढायची. शाळेच्या कुंपणाला विटा हव्या होत्या, आणि ठेकेदार हसत हसत सांगून गेला होता की उशीर झाला तर नदीपलीकडची भट्टी त्याला लांब नाही.

अशात एका सकाळी ती गावातल्या दवाखान्यात गेली. पोटुशी बाई आली की रक्त तपासायचं, हा तिथला नेम. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक सिस्टर. सिस्टरने बोट टोचलं, दोन-तीन पट्ट्यांवर एकेक थेंब सोडला, आणि बारकीला बाहेर बाकावर बसवलं. बाकावर अजून बायका होत्या. कुणाला उलट्या होत होत्या, कुणाला माती खावीशी वाटत होती. बारकी म्हणाली, "आमच्याकडे या, हवी तेवढी आहे," आणि सगळ्या हसल्या.

मग सिस्टरने तिला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. 

"बस," सिस्टर म्हणाली. "एक विचारते, खरं सांग. कधी अंगावर चट्टे उठले होते? तळहातावर, तळपायावर?"

टेबलावर पट्टी होती. एक रेघ सगळ्यांच्याच पट्टीवर येते, हे बारकीला ठाऊक होतं. तिच्या पट्टीवर दोन होत्या.

"उठले होते," ती म्हणाली. "गरमी झाली होती. सिफिलिस म्हणाले. सुया घेतल्या मी. बरं झालं म्हणाले."

"कागद आहेत त्याचे?"

"त्या घरी राहिले."

सिस्टरने खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, घाबरू नको. ही रेघ एकदा आली की बरं झाल्यावरही बहुतेक राहतेच. म्हणून हिच्यावरून काही ठरत नाही. मोठ्या दवाखान्यात दुसरी तपासणी करतात, त्यात कळतं की आजार आत्ता आहे की जुना. पण उशीर नको, पोटात मूल आहे. आणि नवऱ्याचंही रक्त बघायला पाहिजे. त्याला माहीत आहे?"

"मूल गेलं ते माहीत आहे."

"का गेलं ते?"

बारकीने पट्टीकडे बघितलं.

"मी त्याला सांगणार नाही," सिस्टर म्हणाली. "ते तुझं तू ठरव. नसेल सांगायचं तर म्हण, हल्ली सगळ्यांच्या नवऱ्यांना बोलावतात. अगदीच खोटं नाही ते. फक्त निकाल येईपर्यंत दोघं लांब झोपा."

परतताना बारकी मुद्दाम लांबच्या वाटेने आली. सिस्टरने दिलेली पळवाट चांगली होती. बोलक्याने एकही प्रश्न विचारला नसता. 'चला' म्हटलं की निघाला असता, हात पुढे केला असता, सुई टोचून घेतली असती आणि परत येऊन साच्यापाशी बसला असता. तेच तिला टोचत होतं.

पहिला नवरा घरं रंगवायचा. कामासाठी महिनामहिना बाहेर असायचा. एकदा आला तो गळून आला. शहरात जाऊन सुई घेतली, आणि रंगाची ॲलर्जी झाली होती म्हणाला. तिने विश्वास ठेवला, का ठेवू नये? मग तिच्या तळहातांवर तांबूस डाग उठले. तिथली सासू म्हणाली उष्णता आहे, ताक पी. डाग आपोआप गेले. पोटातलं मूल सातव्या महिन्यात हलायचं थांबलं. दवाखान्यात कारण कळलं तेव्हा त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, 'हिनेच कुठूनतरी आणलं असेल.' स्वतःची सुई तो विसरला. भाऊ येऊन तिला घेऊन गेला. दुसरं लग्न ठरताना भाऊच म्हणाला, जे बरं झालं ते कशाला उगाळायचं. तिलाही ते पटलं होतं, किंवा पटवून घ्यायला सोपं गेलं होतं.

घरी आल्यावर सासूने विचारलं, "काय म्हणाली सिस्टर?"

"मोठ्या दवाखान्यात जा म्हणाली. तपासणीला."

"का? काय झालं?"

"रक्ताचं काहीतरी."

"कमी असेल. खात नाहीस तू," सासू म्हणाली आणि भांडी आवरू लागली.

पहाटे पाऊस आला. मोठा नव्हता, पण नेमका वारा फिरला आणि ताडपत्रीचं एक टोक सुटलं. उजाडल्यावर बघितलं तर कडेच्या ओळींतल्या विटांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले. काहींचे कोपरे गळाले होते. सासू कपाळाला हात लावून बसली. बोलक्याने बिघडलेल्या विटा उचलायला सुरुवात केली. भाजलेली नसली म्हणजे वीट पुन्हा माती होते. पाण्यात टाकायची, मळायची, परत थापायची. फक्त सगळी मेहनत पहिल्यापासून.

दुपारपर्यंत माती मळायचा खड्डा भरला. सासू घरात जरा आडवी झाली. बोलका पायजमा वर सरकवून खड्ड्यात उतरला आणि गारा तुडवू लागला. बारकी काठावर बसून राहिलेल्या विटा हातोडीच्या मागच्या बाजूने फोडत होती आणि तुकडे आत सारत होती. त्याचे पाय पोटरीपर्यंत रुतायचे आणि फस्स करत वर यायचे.

"अहो," ती म्हणाली. "एक सांगायचंय."

तो तुडवत राहिला.

"माझं पहिलं मूल आजाराने गेलं. मला गरमी झाली होती. बायकांकडे जातात, त्यांना होते ती."

एक पाय वर आला आणि पुन्हा आत गेला. मग दोन्ही पाय थांबले.

"मी कुठे गेले नव्हते," ती म्हणाली. "त्याच्याकडून आली. सुया घेऊन बरी झाले. पण काल सिस्टरच्या पट्टीवर दिसली. ती म्हणते जुनीही असेल. कळायला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. आणि तुमचंही रक्त तपासायला पाहिजे."

तो खाली, चिखलात बघत होता. कपाळावरचा घाम भुवईत येऊन थांबला होता. हात मातीने भरलेले, त्यामुळे त्याने तो खांद्याला पुसला.

"मला झालीय?"

"माहीत नाही. झाली नसावी. पण माहीत नाही."

"पोराला?"

"तेच बघायचंय."

 त्याचे पाय रुतत चालले होते, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"लग्नाआधी का नाही सांगितलं?"

"दादा नको म्हणाला." मग तिने हातोडी खाली ठेवली. "दादाचं नाव कशाला घेऊ. मलाच नव्हतं सांगायचं."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते बारकीला कळलं नाही. मग त्याने एक पाय जोर लावून उपसला आणि पुन्हा तुडवू लागला. पूर्वीपेक्षा जोरात. चिखल तिच्या मांडीपर्यंत उडत होता. ती उठून बाजूला झाली.

संध्याकाळी त्याने अंथरूण उचललं आणि भट्टीपाशी नेलं. सिस्टरने लांब झोपायला सांगितलंय हे बारकीने त्याला सांगितलं होतं. तो सिस्टरचं ऐकून गेला की तिच्यापासून लांब गेला, हे कळायला मार्ग नव्हता.

"भट्टी रचलीसुद्धा नाही अजून," सासू म्हणाली. "राखतोस काय तिथे? ढेकळं?"

तो गेला.

पुढचे दिवस दोघांनी काम केलं. ऊन आता थोडं डोकावू लागलं होतं. ती विटा उलटत ओळीच्या एका टोकाकडून यायची, तो दुसऱ्या टोकाला थापत असायचा. मध्ये अंतर कमी व्हायला लागलं की तो उठून गारा बघायला जायचा. जेवताना ताट तिच्याकडून घ्यायचा, पण तिच्याकडे न बघता. एकदा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो म्हणाला, "ठेव." तिने ठेवला. तो उठला, माठातून स्वतः पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायला. ठेवलेला तांब्या तसाच राहिला. बारकीने तो संध्याकाळी साचे धुवायच्या बादलीत ओतला आणि मग तोंड फिरवून, सासूला दिसणार नाही असं, थोडा वेळ उभी राहिली.

त्याच्या मनात काय चाललंय ते तिला कळेना. रंगारी ओरडायचा, फेकाफेक करायचा, त्यातून निदान कुठे उभं राहायचं ते कळायचं. इथे नुसता साच्याचा आवाज यायचा, थाप, थाप, थाप.

मग एका सकाळी ती चूल पेटवत होती, तर तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात उभा.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"दवाखान्यात."

बसमध्ये गर्दी होती. एक जागा रिकामी झाली तशी त्याने कोपराने वाट करून तिला बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला, खिडकीबाहेर बघत. तिच्या डोक्याशी त्याचा हात होता. नखांतली माती धुऊनही निघालेली नव्हती.

मोठ्या दवाखान्यात रक्त देऊन दोघं एका लांब बोळात बसले. बोळ माणसांनी भरलेला. बऱ्याच वेळाने एक माणूस दारात आला आणि घसा मोकळा करत ओरडला, "सिफिलिसवाले नवरा-बायको कोण?"

बोळातली कुजबुज थांबली. कुणीतरी पाय आखडून घेतले. बारकीला वाटलं, जमीन इथेच मऊ व्हावी. ती उठेना. शेजारी बोलका उभा राहिला, सदरा खाली ओढला आणि म्हणाला, "आम्ही." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ऊठ. पायाला मुंग्या आल्यात का?"

"नाही," ती म्हणाली आणि उठली.

आत डॉक्टरीणबाई होती, वयाने बारकीएवढीच. तिने सगळं नीट सांगितलं. बोलक्याच्या रक्तात काही नाही. बारकीच्या रक्तात जे आहे ते जुनं दिसतंय, आजार बरा झालेला वाटतो. पण आधीच्या उपचाराचे कागद नाहीत आणि पोटात मूल आहे, तेव्हा धोका नको, पुन्हा सुया देऊ. दर आठवड्याला यावं लागेल.

"काही विचारायचंय?" ती म्हणाली.

बारकीला वाटलं, कोण विचारणार. पण बोलक्याने घसा खाकरला.

"हिचं आधीचं मूल गेलं. ते यानेच?"

"बहुतेक. तेव्हा वेळेवर कळलं असतं तर वाचलं असतं."

"आणि हे?"

"हे वेळेवर कळलंय."

त्याने मान हलवली. या वेळी ती हो म्हणून हलली, हे बारकीला स्पष्ट दिसलं.

सुई कंबरेखाली दिली. औषध दाट, ते आत जाताना लोखंडाची कांब शिरावी तसं दुखलं. बसमधून उतरल्यावर गावापर्यंत चालायचं होतं, आणि बारकी एका पायावर लंगडत होती. बोलका नेहमी पुढे चालायचा. आज तो दर थोड्या वेळाने थांबायचा, कुणाच्या तरी बांधाकडे बघायचा, आणि ती आली की पुन्हा निघायचा. शेवटी थांबणं सोडून तो तिच्याच चालीने चालू लागला.

"सिस्टर म्हणाली होती म्हणे," तो म्हणाला, "हल्ली सगळ्याच नवऱ्यांना बोलावतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. परवा गेलो होतो मी. खरंच बरं होतं का, विचारायला." थोडं चालून तो पुढे म्हणाला, "मग तू तसंच म्हणायचं होतंस. मला काही कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"म्हणजे?"

"तो स्वतः सुई घेऊन आला होता आणि मला रंगाची ॲलर्जी म्हणाला. मलाही काही कळलं नव्हतं." चालताना तिला दम लागत होता. "ते मूल मुलगा होता. मी बघितलं त्याला. नखंसुद्धा आली होती."

 वाटेत एक दगड होता, त्यावर त्याने तिला बसायला सांगितलं. स्वतः शेजारी उकिडवा बसला, साच्यापाशी बसतो तसा, आणि जमिनीवरची माती चिमटीत घेऊन चुरू लागला. त्या मातीला वीट थापायचा गुण आहे की नाही ते बघायची त्याची जुनी खोड होती.

"लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे नाही सांगितलंस ते बरंच झालं." त्याने चिमूट सोडून दिली. "पण राग आलाय मला. अजून आहे."

"असू दे."

"किती दिवस राहील सांगता येत नाही."

"असू दे म्हटलं ना."

"पाण्याचं मी चुकलो," तो म्हणाला. मग उठला आणि तिला उठवायला हात पुढे केला.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. मोठ्या दवाखान्याच्या बोळात गावातलं कुणीतरी बसलेलं होतंच. दुसरी सुई घेऊन दोघं आले त्या संध्याकाळी सासू चुलीपाशी ताठ बसली होती. ताटं वाढली, पण स्वतःचं घेतलं नाही.

"शिंपीण आली होती," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारली ते सांगून गेली. पोरी, काय आहे हे? कुठला रोग घेऊन आलीस माझ्या घरात?"

बारकीचा घास हातातच राहिला. तिने तोंड उघडलं, पण आधी बोलक्याचा आवाज आला.

"माझा आहे."

"काय?"

"आजार माझा होता. हिला माझ्यामुळे सुया घ्याव्या लागतायत."

सासू त्याच्याकडे बघत राहिली. तो जेवत होता, मान खाली, कानाच्या पाळ्या लालबुंद.

"तुझा," ती म्हणाली.

"हो."

सासू उठली आणि बाहेर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने मुलाशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की भिंतीला सांगायची. 'त्याला म्हणावं जेवायला ये.' 'त्याला म्हणावं लाकडं ओली आहेत.'

"तुमच्या अंगावर का घेतलंत?" बारकीने त्याला भट्टी रचताना विचारलं. ती खालून एकेक वीट देत होती, तो फटी ठेवून तिरप्या लावत होता.

"आई तुला घालूनपाडून बोलली असती. रोज. घरात तुम्ही दोघीच असता." त्याने हात पुढे केला, तिने वीट दिली. "माझ्याशी बोलत नाही, तर मला काय. मी तसाही कुठे बोलतो."

बारकीला हसू आलं. इतक्या दिवसांनी आलं की तिला दोन्ही हात भिंतीला टेकवावे लागले. तो वरून बघत राहिला आणि मग त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. त्या संध्याकाळी त्याने अंथरूण घरात आणलं.

ऊन पडलं. भट्टी पेटली, आधी पांढरा वाफाळ धूर निघाला, मग पातळ निळा. ठेकेदाराने थोड्या विटा नदीपलीकडून घेतल्या आणि उरलेल्या इथून. सुया संपल्या. पाऊस लागून गाव चिखलात गेलं तेव्हा बारकीला मुलगी झाली. रडली ती अशी की शेजारच्यांनी दारं उघडून बघितलं. तिच्याही रक्ताची तपासणी झाली आणि सिस्टर निकाल सांगायला छत्री घेऊन स्वतः घरी आली. "ठणठणीत आहे," ती म्हणाली. बोलका दारात पावसाकडे तोंड करून उभा होता. तो बराच वेळ वळलाच नाही.

एकदा दुपारी तो माती बघायला गेला होता. सासू नातीला पायांवर घेऊन तेल लावत होती. बारकी शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत होती. सासू मुलीच्या पायाची बोटं एकेक ओढत, वर न बघता म्हणाली,

"त्याचा नव्हता ना आजार?"

बारकीचे हात थांबले.

"माझं पोर आहे ते," सासू म्हणाली. "जन्मात कधी बाहेर एक रात्र राहिलं नाही. आणि खोटं बोललं की कान लाल होतात त्याचे, लहानपणापासून."

"मग इतके दिवस त्यांच्याशी बोलत का नाही?"

"त्याने एवढं ठरवून सांगितलं. मी बोलले असते तर त्याला वाटलं असतं मला पटलं नाही."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. बारकीने दुपटं बाजूला ठेवलं. मग तिने सगळं सांगितलं, रंगाऱ्यापासून, त्या पहिल्या मुलापर्यंत आणि त्याच्या नखांपर्यंत. सासूने मध्ये एकदाही अडवलं नाही. तिचा तेलाचा हात मुलीच्या पाठीवरून वर-खाली फिरत राहिला.  मुलगी कुरकुरू लागली, तशी तिने तिला फडक्यात गुंडाळलं आणि बारकीच्या मांडीवर दिलं.

"सुया फार दुखल्या का गं?" तिने विचारलं.

"दुखल्या, आई."

"हं," सासू म्हणाली. "पाज तिला. भूक लागलीय."